मदत हवी आहे: दूरच्या वळणावर व्होल्टेज का पडते?
माझ्या एचओ स्केलच्या (खऱ्या गाडीच्या सुमारे १/८७ आकाराच्या), डीसीवर चालणाऱ्या मॉडेल रेल्वेच्या लंबगोल मार्गाला कंट्रोलरकडून वायरची एकच जोडी दिलेली आहे. पावसाळ्यानंतर गाडी पलीकडच्या वळणावर मंदावते आणि एका सांध्यावरून जाताना इंजिनाचा दिवा क्षणभर मिणमिणतो. रूळ व चाके आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, दुसरे इंजिनही चालवून पाहिले. फरक पडला नाही. इंजिन उचलून ठेवल्यास मल्टिमीटर वळणावरही १२ व्होल्ट दाखवतो, परंतु गाडी धावत असताना तिथे जेमतेम ८ उरतात, त्यामुळे दोष रेल जॉइनरमध्येच (दोन रूळ जोडणाऱ्या धातूच्या पट्टीत) असावा, असे मला वाटते. खडी गोंदाने पक्की बसवल्याने रूळ उचलता येणार नाहीत. अशा वेळी सगळे सांधे सोल्डर करावेत, की वळणावर वायरची दुसरी जोडी देणे पुरेसे ठरेल, आणि सोल्डर करताना प्लास्टिकचे स्लीपर (रुळांखालच्या आडव्या पट्ट्या) वितळू नयेत म्हणून काय करावे?