टर्बोला जागा मिळते हो, उष्णतेला कुठून आणणार?

तेलकट हात
काल 'बूस्ट बार' यांनी लिहिलं की कुठल्याही जुन्या गाडीत शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत टर्बो बसतो, आणि बॉनेटखाली जागा नाही म्हणणारे लोक आळशी असतात. वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून वेगळा धागा काढतोय.

टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या (एक्झॉस्टच्या) जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारी, दोन ओंजळींत मावणारी वस्तू. ती कुठेही बसेल. भांडण आहे ते तिला जोडाव्या लागणाऱ्या पाइपांशी आणि ती ओकते त्या उष्णतेशी. पेट्रोल इंजिन ताणून चालवलं की एक्झॉस्ट ९०० अंशांच्या आसपास जातो. जुन्या गाडीत इंजिन आडवं आणि मॅनिफोल्ड (एक्झॉस्ट गोळा करणारा पाइप) फायरवॉलकडे, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याकडे, असेल, तर टर्बोच्या एका अंगाला ब्रेकचा मास्टर सिलिंडर, दुसऱ्या अंगाला वायरिंगचा जुडगा आणि वरून पेट्रोलची नळी. मूळ गाडीत तिथे चार बोटं फट होती ती उगाच नव्हती. तिथून हवा खेळायची. आपण नेमकी तीच बुजवतो.

ऐकीव सांगत नाही. मी स्वतः बसवला होता. तीन महिने गाडी सुंदर पळाली. एकदा लांबलचक चढ चढून वर पोचलो, पाच मिनिटं थांबलो, उतरायला लागलो तर ब्रेकचं पेडल स्पंजासारखं खाली. तीन वेळा दाबल्यावर कुठे धरलं. ब्रेकचं फ्लुइड उकळलं होतं. नवं डॉट ४ प्रतीचं फ्लुइड किमान २३० अंशांपर्यंत तग धरतं, पाणी शोषलं की तो आकडा १५५ पर्यंत उतरू शकतो. माझं दोन वर्षांचं होतं. मागच्या सीटवर माझी मुलगी झोपलेली होती. त्या आठवड्यात टर्बो काढला.

आणि बूस्ट बार, ऑइलच्या परतीच्या पाइपाबद्दल तुम्ही चकार शब्द लिहिलेला नाही. ऑइल टर्बोत जातं दाबाने, पेन्सिलीएवढ्या नळीतून. परत येतं ते फक्त स्वतःच्या वजनाने, आणि तेही फेसाळलेलं. म्हणून परतीचा पाइप अंगठ्याएवढा जाड हवा, जवळजवळ उभा हवा, आणि इंजिनाच्या तळाच्या चेंबरमधल्या ऑइलच्या पातळीच्या वर जोडलेला हवा. अडचणीच्या जागेत टर्बो खाली सरकवला की हे तिन्ही एकदम बिघडतं.

बूस्ट बार
दोन वर्षं फ्लुइड बदललं नाही आणि खापर टर्बोवर? मुलगी गाडीत होती हे वाचून मलाही कसंतरी झालं, पण चूक कुठे झाली ते तुम्हीच लिहिलंय.

'जागा नाही' हे रडगाणं मी पंधरा वर्षं ऐकतोय. १९६२ मध्ये शेव्हरोले कॉर्व्हेअर गाडीच्या मागच्या बाजूला, हवेवर थंड होणाऱ्या इंजिनावर टर्बो आला. १९७३ मध्ये बीएमडब्ल्यू २००२ मध्ये आला. १९८२ मध्ये एमजी मेट्रोत आला, म्हणजे मिनीच्याच ए-सीरिज इंजिनावर. कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) आणि एक्झॉस्ट दोन्ही एकाच बाजूला, फायरवॉलला नाक लावून. याहून अवघड जागा दाखवा.

माझी गाडी ०.४ बार बूस्टवर (टर्बोने वाढवलेल्या हवेच्या दाबावर) चार वर्षं रोज कामाला जातेय. टर्बोला उष्णता अडवणारं जाकीट, मास्टर सिलिंडरसमोर दुहेरी पत्रा आणि मध्ये हवेची फट, बॅटरी डिकीत. उष्णता ही अडचण आहे, पण अडचणीला उत्तर असतं.

कार्ब्युरेटरवाली
बूस्ट बार, मेट्रोचं उदाहरण तुमच्या विरुद्ध जातं. ते काम दोन दिवसांत झालेलं नाही. त्या गाडीचा गिअरबॉक्स इंजिनाच्या चेंबरमध्येच आहे, त्याला जास्त टॉर्क सोसत नव्हता, म्हणून कमी आरपीएमला बूस्ट मुद्दाम कमी ठेवावा लागला. एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह सोडियम भरलेले घातले. हे सगळं कारखान्यातल्या इंजिनिअरांनी केलं.

१९६२ चंच दुसरं उदाहरण घ्या, ओल्ड्समोबाइल जेटफायर. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते) १०.२५ ठेवलं आणि नॉकिंग (पेट्रोलचं अवेळी भडकणं) टाळायला पाणी-मिथेनॉलचं मिश्रण फवारावं लागलं. लोक ते भरायला विसरायचे. कित्येकांनी पुढे टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून घेतला.

आता माझा विषय. कार्ब्युरेटर टर्बोच्या आधी ठेवलात तर पेट्रोल मिसळलेली हवा कॉम्प्रेसरमधून (टर्बोच्या हवा दाबणाऱ्या भागातून) जाते, मग इंटरकूलरचं (दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीचं) नाव काढू नका, त्यात पेट्रोल साचतं. नंतर ठेवलात तर कार्ब्युरेटरमधल्या फ्लोटच्या (पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या गोळ्याच्या) वाटीवर बूस्टचा दाब पोचवा, पेट्रोलचा दाब बूस्टबरोबर वाढवा, पोकळ पितळी फ्लोट चेपतो त्याचं बघा, थ्रॉटलच्या दांड्याच्या बाजूने पेट्रोल झिरपतं त्याचंही बघा. एकाच बाजूला सगळं असलेल्या इंजिनात ते झिरपून पडणार कुठे? तापलेल्या टर्बोवर. माझ्या ओळखीतल्या एका गाडीचं बॉनेट याच कारणाने जळालं. माणूस वाचला, गाडी नाही.

इंटरकूलर नको म्हणालात तर हिशोब करा. ३० अंशांची हवा ०.५ बारने दाबली, कॉम्प्रेसर ७० टक्के कार्यक्षम धरला, तरी बाहेर निघताना ती ८० अंशांच्या पुढे असते. त्या हवेवर जुन्या डिस्ट्रिब्युटरचं टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) मूळ आकड्यावर ठेवलं तर पिस्टनला भोक पडू शकतं.

मूळ रंग
इंटरकूलरच्या पाइपासाठी लोक आतला पत्रा कापतात, त्यावर कोणीच बोलत नाही. बसवलेला टर्बो परत काढता येतो. कापलेला पत्रा परत मूळचा होत नाही. इतकंच.

डिझेल माणूस
तुमचं सगळं वाचलं. टर्बो मरतो तो बसवताना मरत नाही, चावी फिरवताना मरतो. लोक गाडी दामटत आणतात, थांबतात आणि त्याच क्षणी बंद करतात. आत दांडा मिनिटाला लाखभर फेरे घेत असतो, ऑइल थांबलं, तापलेल्या बेअरिंगमध्ये राहिलेलं ऑइल जळून कोळसा. २६ वर्षं टर्बो डिझेल चालवतोय. दोन मिनिटं आयडलवर (जागेवर हळू चालू) ठेवल्याशिवाय एकदाही बंद केलेली नाही. एकही टर्बो गेला नाही.

दहाचा पाना
२६ वर्षांत किती टर्बो उघडून पाहिलेत? मी उघडतो. कोळसा दिसतो हे खरं, पण ज्यांच्यात दिसतो त्यातल्या बहुतेकांचा परतीचा पाइप वाकलेला, चेपलेला किंवा गॅस्केटच्या पेस्टने अर्धा बुजलेला असतो. चालकाने दोन मिनिटं थांबून त्यात काही फरक पडला नसता.

आणि डिझेलचा एक्झॉस्ट पेट्रोलपेक्षा बराच थंड. तुमचा अनुभव इथे जसाच्या तसा लावू नका.

डिझेल माणूस
म्हणजे थंड असूनही मी काळजी घेतो, आणि पेट्रोलवाल्यांनी घ्यायला नको? हे कुठलं गणित? गॅरेजवाल्यांना टर्बो गेलेलाच बरा, हे आम्हालाही कळतं.

दहाचा पाना
हा आरोप मागे घ्या. परतीचा पाइप साफ करून मी लोकांचे टर्बो वाचवलेत, नवे विकलेले नाहीत. आणि काळजी घेऊ नका असं मी कुठे म्हटलं? शेवटचे दोन-तीन किलोमीटर हलक्या पायाने चालवा. वारा रेडिएटरमधून जातो, टर्बोवरूनही जातो. अडचणीच्या बॉनेटखाली गाडी जागेवर गुरगुरत ठेवली की टर्बो थोडा निवतो, पण कोंडलेल्या हवेत आजूबाजूचं प्लास्टिक आणि रबर शिजतं.

तेलकट हात
मंडळी, विषय बसवण्याचा होता. आयडलवर वेगळा धागा काढा.

कार्ब्युरेटरवाली
नाही, हा विषय इथलाच आहे. दोघंही अर्धं बोलताय. इंजिन बंद झाल्यावर टर्बाइनच्या (एक्झॉस्टने फिरणाऱ्या चाकाच्या) ओतीव घरातली उष्णता बेअरिंगकडे सरकते, ऑइल आणि पंप दोन्ही थांबलेले असतात. पाण्यावर थंड होणारा टर्बो असेल तर पंपाशिवायही तापलेलं पाणी आपोआप वर चढतं आणि थंड पाणी खाली येतं. पण त्यासाठी पाण्याची नळी टर्बोपासून चढती न्यावी लागते. मध्ये कुठे कुबड आलं की वाफ अडकते आणि खेळ संपला. ती चढती नळी न्यायलाही जागाच लागते.

रेनॉ ५ जीटी टर्बो आठवा. १९८५ ची, कार्ब्युरेटरवाली. तापल्यावर बंद केली की पुन्हा सुरू होताना छळते, अशी तिची ख्याती होती, कारण कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल खालच्या उष्णतेने उडून जायचं. १९८७ च्या सुधारित गाडीत टर्बो पाण्यावर थंड केला. कारखान्याने टर्बो घातलेल्या गाडीचं हे झालं.

डिझेल माणूस
पाण्याचं मला माहीत नव्हतं. माझ्या जुन्या गाड्यांत टर्बो फक्त ऑइलवर होते. तशा टर्बोला माझी दोन मिनिटं लागतात, हे तरी मान्य कराल?

दहाचा पाना
फक्त ऑइलवरच्या टर्बोला, लांब चढानंतर, थांबण्यापूर्वी सावकाश चालवायला जागाच नसेल तर, हो. त्यापुढे एक इंचही सरकणार नाही. आरोप अजून मागे घेतलेला नाही तुम्ही.

डिझेल माणूस
घेतला. रागात लिहिलं.

बूस्ट बार
दोन दिवसांचं विधान मागे घेतो. माझं स्वतःचं काम पाच महिने चाललं होतं, टर्बो मॅनिफोल्डला लावायला मात्र खरंच दोन दिवस लागले, तेच डोक्यात राहिलं. 'आळशी' हा शब्द चुकला. पण 'बसवूच नका' हे मला कधीच पटणार नाही. मी त्या गाडीसाठी पत्रे ठोकले, मॅनिफोल्ड तीनदा कापून पुन्हा वेल्ड केला. ०.४ बार हा माझा हट्ट नाही, कॉम्प्रेशन न उतरवता, टायमिंग मागे घेऊन, इंजिनाला झेपतं तेवढंच आहे ते.

तेलकट हात
तुमचं काम चांगलं असेल. मी 'बसवूच नका' म्हटलेलं नाही. आधी तीन गोष्टींना जागा आहे का ते पाहा म्हणतोय: हवेला, परतीच्या पाइपाला, ब्रेकला. टर्बोचा नंबर चौथा. तुमचा परतीचा पाइप कसा आहे ते मात्र तुम्ही अजून सांगितलेलं नाही.

बूस्ट बार
आत्ता गाडीखाली जाऊन आलो. आतून १६ मिमी, जाडीला कमी नाही. पण स्टिअरिंग रॅक चुकवायला मी तो जवळजवळ वीतभर आडवा नेलाय. चेंबरला जिथे जोडलाय ती जागा, डिपस्टिकवर ऑइल पूर्ण भरलेलं असताना, पातळीच्या किंचित खाली येते. सकाळी सुरू करताना निळा धूर येतो, तो मी इतके दिवस पिस्टनच्या झिजलेल्या रिंगांचा समजत होतो. रिंगाही असतील. जुनं इंजिन आहे.

दहाचा पाना
रिंगांचा संशय सोडू नका, कॉम्प्रेशन तपासा. रिंगा सैल असतील तर क्रँककेसमधला (इंजिनाच्या खालच्या पोटातला) दाबही त्याच पाइपातून वर येऊन ऑइल अडवतो. पण आधी पाइप. आडव्या भागाला उतार मिळत नसेल तर टर्बो वर उचला. तेही जमत नसेल तर ऑइल ओढायला छोटा पंप लागेल, आणि तो बंद पडला तर कळण्याची सोय हवी.

बूस्ट बार
वर उचलला तर बॉनेटच्या आतल्या पट्टीला लागतो. दोन सेंटिमीटर कमी पडतात.

मूळ रंग
पट्टी कापू नका. मॅनिफोल्ड कापा. तो तुम्हीच बनवलाय.

बूस्ट बार
चौथ्यांदा. ठीक आहे.