स्वस्तातली धोप तलवार घरच्या घरी सुधारता येईल का?

रानवाट
मंडळी, शिवजयंतीला पूजेत ठेवायला सरळ पात्याची धोप घेतली, शोभेचीच आहे, धार नाही. पण पातं नको इतकं चकाकतं, मुठीचा सोनेरी रंग नखाने निघतोय आणि हातात धरली की मूठ खुळखुळते. नवीन महागडी घ्यायची नाहीये, हीच नीट करायचीय. सुरुवात कुठून करू? आणि थोडी धार लावली तर चालेल का?

गडकरी_७
आधी मूठ बघ, बाकी सगळं नंतर. स्वस्त तलवारीत पात्याचा मुठीत जाणारा भाग आखूड असतो, कधीकधी तर नुसता आटेवाला रॉड वेल्डिंग करून जोडलेला असतो. मागे नट असेल तर सोडून आत बघ. आपल्याकडे जुन्या मुठी लाख-राळ गरम करून बसवायचे, तू दोन ट्यूबवालं अराल्डाइट वापर, पण आधी आतलं ग्रीस आणि गंज थिनरने पूर्ण काढ, नाहीतर ते धरणारच नाही. मग पातं सरळ रेषेत आहे ना बघून बांधून ठेव आणि अख्खा एक दिवस हात लावू नको.

पोलादी
पात्याचं म्हणशील तर कडेला पापुद्रे सुटत असतील तर ते क्रोम प्लेटिंग आहे, ते घासून किंवा ॲसिडने काढायचं काम घरात अजिबात करू नको, तब्येतीला वाईट. स्टेनलेस असेल तर सोपंय, लाकडाच्या ठोकळ्याला 400 चा वॉटर पेपर गुंडाळून मुठीकडून टोकाकडे एकाच दिशेने घास, मग 600, मस्त मंद चमक येते. व्हिनेगरमध्ये बुडवून काळं करायचे व्हिडिओ बघशील, ते कार्बन स्टीलचं काम, स्टेनलेसवर काही होत नाही.

सातारकर_ताई
मुठीला परत सोनेरी रंग नका मारू प्लीज! 2025 मध्ये नागपूरच्या रघूजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावातून महाराष्ट्रात आली तिचे फोटो बघा, पातं युरोपातलं, मुठीवर सोन्याचं कोफ्तगरी काम (म्हणजे पोलादात सोनं ठोकून बसवलेली नक्षी), पण हात धरतो तिथे हिरवं कापड गुंडाळलंय. तुम्हीही रंग थिनरने काढून तिथे सुती पट्टी घट्ट गुंडाळा आणि परजेच्या (मुठीवर बोटं वाचवणाऱ्या भागाच्या) आत मखमलीची छोटी गादी चिकटवा. एवढ्यानेच तलवारीला रूप येतं बघा.

गडकरी_७
धारेचं राहिलं. नको लावू. एक तर धारदार तलवार म्हटली की 1959 चा शस्त्र कायदा आला, आणि दुसरं म्हणजे हे पातं फिरवायला बनवलेलंच नसतं, जोरात फिरवलं तर मुठीजवळ तुटून समोरच्याच्या अंगावर जाईल, घरात पोरं असतात रे.

रानवाट
धारेचं कॅन्सल! नट सुटला, आतला रॉड गंजलाय पण जाड आहे. उद्या अराल्डाइट आणतो. म्यान चामड्याचं आहे, त्यातच ठेवू का?

पोलादी
कायमची नको ठेवू, चामडं ओल धरतं. शिवणयंत्राच्या तेलाचा हलका हात फिरवून बाहेरच ठेव, पावसाळ्यात अधूनमधून पुसत जा.