जुने जपानी आरपीजी फक्त आठवणींसाठी खेळायचे? मग टेरानिग्माचं काय?

डोंगरवाट
रीमेकच्या धाग्यावर काल निशाचर यांनी लिहिलं, "प्लेस्टेशनच्या आधीच्या कन्सोलवरचे जपानी आरपीजी आज खेळवत नाहीत. ज्यांना आवडतात त्यांना खेळ आवडत नाही, स्वतःचं बालपण आवडतं." तिथेच उत्तर द्यायला बसलो, पण लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा काढतोय.

माझ्या बालपणात हे आरपीजी, म्हणजे एका पात्राची भूमिका घेऊन कथा पुढे नेण्याचे खेळ, नव्हतेच हो. आमच्याकडे होता टीव्ही गेम. कॅसेटवर '९९९९९९ इन १' छापलेलं, आत फिरून फिरून मारिओ, कॉन्ट्रा आणि बदकं मारायची. टेरानिग्मा मी पहिल्यांदा खेळलो तो चौतिसाव्या वर्षी, मुलगी झोपली की रात्री तासभर. त्यामुळे आठवणींचा चष्मा वगैरे मला लागू होत नाही.

टेरानिग्मा म्हणजे क्विंटेट कंपनीने केलेला, एनिक्स कंपनीने काढलेला, निन्टेन्डोच्या सुपर फॅमिकॉम कन्सोलचा खेळ. जपानात ऑक्टोबर १९९५, युरोपात डिसेंबर १९९६. अमेरिकेत आलाच नाही, कारण तोवर एनिक्सने तिथलं दुकान बंद केलं होतं. 'सर्वोत्तम १००' च्या याद्या बहुतेक तिकडेच होतात, आणि आपण त्या वाचून खेळ निवडतो. म्हणून हा मागे राहिला.

आर्क नावाचा पोरगा पृथ्वीच्या पोटातल्या गावात राहतो. नको ती पेटी उघडतो आणि गाव गोठतं. ते सोडवता सोडवता वर खंड परत येतात. मग तो स्वतः वर जातो आणि क्रमाने झाडं, पक्षी, प्राणी, शेवटी माणसं जागी करतो. डोंगरात हिमकडा कोसळून तो एका शेळीसोबत अडकतो. तिचा जोडीदार मेलेला. भुकेने जीव जायची वेळ येते तेव्हा तीच सांगते, याचं मांस खा. १६ बिटच्या, ठिपक्याठिपक्यांच्या चित्रांत, चार ओळींच्या संवादात हे आहे. मी कंट्रोलर खाली ठेवला होता.

आणि माणसं जागी झाली की आर्कला प्राण्यांचं बोलणं कळेनासं होतं. खेळ ते समजावून सांगत बसत नाही. तुम्ही ओळखीच्या प्राण्याशी बोलायला जाता आणि नुसता आवाज ऐकू येतो.

हे आज खेळवत नाही?

निशाचर
ते वाक्य माझंच, आणि मी मागे घेत नाही. टेरानिग्मा मी दोनदा सुरू केलाय. दोन्ही वेळा ब्लडी मेरी नावाच्या मोठ्या शत्रूपाशी सोडला. ज्यांनी खेळलाय त्यांना पुढे सांगायला नको. लेव्हल, म्हणजे आर्कच्या ताकदीची पायरी, थोडी कमी असली की तुमचा भाला तिला एक-एक, दोन-दोन अंकांनी ओरखडतो आणि तिच्या दोन फटक्यांत तुम्ही आडवे. उपाय काय? मागे जा, तेच राक्षस तासभर मारा. मला आठवड्यात तीन तास मिळतात, त्यातला एक मी वटवाघळं मारण्यात का घालवू?

शिवाय जादू. जादूसाठी लागणारे मॅजिरॉक दगड शोधत अख्खं जग फिरायचं आणि मिळालेली जादू कुठेच धड उपयोगी पडत नाही. आजच्या खेळात असं असतं तर याच धाग्यावर सगळ्यांनी झोडपलं असतं. जुना आहे म्हणून माफ करायचं असेल तर मी म्हणालो त्यात चुकलं काय?

डोंगरवाट
मेरीबद्दल मान्य. जादूबद्दलही मान्य, मी जवळजवळ वापरलीच नाही. पण 'जुने जपानी आरपीजी' म्हटल्यावर दर चार पावलांवर आपोआप सुरू होणारी लढाई तुमच्या डोक्यात होती, ती इथे नाहीच. राक्षस समोर दिसतात, टाळताही येतात. धावून, उडी मारून, गिरकी घेऊन मारता येतं. हातात भाला घेऊन नुसतं फिरायलाही मजा येते.

करवंद
मला वेगळंच बोलायचंय. डोंगरवाट यांनी ओघात लिहिलं की खेळ युरोपात आला. पण कसा आला? इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश, चार भाषांत. १९९६ साली! २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा असलेले ८.३ कोटी आहेत. जर्मनीची लोकसंख्याही साधारण तेवढीच. आपल्याला आजही एका मोठ्या आरपीजीत मराठी मिळत नाही.

मी मराठी माध्यमातली. २००३ मध्ये दादाने कुठूनतरी प्लेस्टेशन आणलं, सोबत एका जपानी आरपीजीची शंभर रुपयांची डिस्क. मी मांडीवर शब्दकोश घेऊन खेळायचे. एकेका संवादाला पाच मिनिटं. नायिका मरते तिथे मी 'बिट्रेड' शब्द शोधत होते, आणि अर्थ कळून रडू येईपर्यंत दादाने बटण दाबून पुढे नेलं. अजून राग आहे मला त्याचा. इंग्रजी सुधारलं हे खरं, पण रडायला आधी शब्दकोश उघडावा लागणं बरोबर नाही.

हिशेबनीस
शंभर रुपयांची डिस्क. उत्तर तिथेच आहे, करवंद. जर्मन पोरांनी पैसे मोजून कार्ट्रिज, म्हणजे खेळाची अस्सल कॅसेट, घेतली म्हणून जर्मन भाषांतर झालं. आपण शंभर रुपयांत नक्कल घेतली, कंपनीच्या वहीत आपण नव्हतोच.

आणि डोंगरवाट, सरळ विचारतो. तुम्ही खेळलात तो कुठून? हा खेळ कुठल्याच दुकानात मिळत नाही. म्हणजे तुम्ही इथे लोकांना चोरी करायला सांगताय. मी गेम बनवतो. पाच जणांची टीम, दोन वर्षं लागली, आणि आला त्या आठवड्यात फुकटची फाइल सगळीकडे फिरत होती. माझ्या चुलतभावाने तीच उतरवली आणि कौतुक करायला फोन केला. त्या फोनवर मी काय बोलायचं होतं?

डोंगरवाट
तुमचा खेळ विकत मिळत होता. हा मिळत नाही. दोन्हींना चोरी हा एकच शब्द लावू नका. एनिक्स आणि स्क्वेअर या कंपन्या एक झाल्या २००३ ला. त्यानंतर कुठल्याच कन्सोलवर, कुठल्याच ऑनलाइन दुकानात हा पुन्हा आलेला नाही. मी पैसे हातात घेऊन उभा आहे, गल्ल्यावर माणूसच नाही.

२०२३ मध्ये जुने खेळ जपणाऱ्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने मोजलं, अमेरिकेत २०१० पूर्वी आलेल्या खेळांतले ८७ टक्के आता बाजारात नाहीत. टेरानिग्मा अमेरिकेत आलाच नाही, त्यामुळे तो त्या मोजणीतसुद्धा नाही!

हिशेबनीस
गल्ल्यावर माणूस नसला तर माल उचलून न्यायचा? थांबायचं. लाइव्ह अ लाइव्ह हा जपानी आरपीजी १९९४ चा, जपानबाहेर अधिकृतपणे आला २०२२ ला. आला की नाही?

डोंगरवाट
२८ वर्षांनी! सेइकेन देन्सेत्सु ३ बघा. १९९५ चा खेळ, चाहत्यांनी २००० मध्ये स्वतः इंग्रजी केला, कंपनीने अधिकृत इंग्रजी दिली २०१९ ला. मधली १९ वर्षं तो खेळ इंग्रजीत ज्यांनी जगवला, ते तुमच्या हिशेबाने चोर. मग २०१९ मध्ये तो मागितला कोणी?

हिशेबनीस
आवाज चढवू नका. मी चाहत्यांच्या प्रेमाला चोर म्हटलं नाही, कृतीला म्हटलं. माझ्या टीममधल्या एकीने त्या वर्षी हे क्षेत्र सोडलं. तिला कोण सांगणार की लोकांनी प्रेमापोटी उतरवला?

नेकारकाठ
जर्मनीत राहतो, टेरानिग्माची मूळ जर्मन कार्ट्रिज माझ्याकडे आहे. जुन्या बाजारात मोजून ऐंशी युरो दिले. त्यातला एक सेंटही क्विंटेटला किंवा एनिक्सला गेला नाही, सगळे विकणाऱ्या म्हाताऱ्याच्या खिशात. हिशेबनीस, हे तुमच्या वहीत कुठे बसतं?

युरोपची आवृत्ती ५० हर्ट्झवर चालते, म्हणजे सेकंदाला ५० चित्रं, जपानात ६०, त्यामुळे जपानीपेक्षा संथ. आणि सेव्ह, म्हणजे कुठवर खेळलो त्याची नोंद, टिकतं ते आत डाख दिलेल्या बटणाएवढ्या बॅटरीवर. माझी तिसऱ्या भागात संपली. वीस तासांचा खेळ एका सकाळी कोरा. बायको विचारत होती, घरात काही वाईट बातमी आली का. मग स्वतः बॅटरी बदलली आणि स्वतःच्या कार्ट्रिजची नक्कल काढून ठेवली. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही, ज्याच्याकडे प्रोग्राम रीतसर आहे त्याला जपणुकीसाठी प्रत काढायची मुभा आहे, कलम ५२. बाकी जाणकारांनी सांगावं.

हिशेबनीस
तुमचं मला मान्य. तुम्ही वस्तू विकत घेतलीत. कंपनीला पैसे गेले नाहीत हे खरं, पण पहिल्या विक्रीत कधीतरी गेले होते. डोंगरवाटांचं अजूनही नाही.

करवंद
माझा भाषेचा मुद्दा कोणी पुढे नेणार का? हिशेबनीस म्हणतात पैसे मोजले नाहीत म्हणून भाषांतर नाही. २००३ ला आमच्या तालुक्यात अस्सल डिस्क विकणारं एक दुकान दाखवा. मागणी नव्हती असं नाही, आम्हाला कोणी विचारलंच नाही. आणि आता मी अस्सलच घेते, पूर्ण किमतीत. अजूनही जर्मन येते, मराठी येत नाही.

हिशेबनीस
हे मात्र बरोबर आहे. आमच्या खेळातसुद्धा मराठी नव्हती. संवाद मराठीत लिहून मग इंग्रजीत केले होते, आणि मराठी टाकून दिले. आता लिहिताना लाज वाटतेय.

करवंद
ते संवाद अजून असतील तर टाका खेळात. मी विकत घेईन.

पहाटवारा
सगळं वाचलं. शेवटी आर्कचं जे होतं ते पाहता

डोंगरवाट
थांबा! निशाचर यांनी पूर्ण केलेला नाही. शेवट लिहू नका, कृपया.

पहाटवारा
तीस वर्षं जुना खेळ आहे! बरं, खोडलं.

निशाचर
खोडायच्या आधी वाचलं गेलं नाही, नशीब. ऐका, शनिवारी पुन्हा सुरू केला, तिसऱ्यांदा. शेळीपर्यंत आलो. पूर्वी दोन्ही वेळा तिथले संवाद भराभर बटण दाबून उडवले होते, हे आत्ता लक्षात आलं. प्रसंग चांगला आहे. खूप चांगला आहे. माझं मूळ वाक्य त्या प्रसंगाला लागू होत नाही, एवढं लिहून देतो. ब्लडी मेरीला लागू होतं आणि होत राहील. तिच्याआधी नक्की किती लेव्हल हवी ते सांगा, म्हणजे यावेळी रविवार वाया जाणार नाही.