टूलच्या गाण्यांतला हिशेब आधीचा की नंतरचा?

लयवेडी

मी सोळा वर्षे तबला शिकले आणि आता संध्याकाळी घरीच आठ-दहा मुलांना शिकवते. मेटल संगीताशी माझा कधी संबंध आला नव्हता. गेल्या महिन्यात भाच्याने माझ्या कानांवर हेडफोन चढवला, टूल या अमेरिकन बँडचे 'स्किझम' हे गाणे लावले आणि म्हणाला, "मावशी, यात किती मात्रा आहेत ते सांग."

पहिल्या खेपेला मला सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, सापडली नाही. दुसऱ्या खेपेला मी नेहमीप्रमाणे बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत मोजू लागले. पाचवी मात्रा मधल्या बोटाच्या मधल्या पेरावर आली आणि तिथे बास गिटारचे एक वाक्य संपले. सहाव्या मात्रेपासून दुसरे सुरू झाले आणि ते करंगळीच्या शेवटच्या पेरावर पूर्ण झाले. पाच आणि सात, म्हणजे एकूण बारा. आपला एकतालही बारा मात्रांचाच, पण तो दोन-दोन मात्रांच्या सहा विभागांतून चालतो, त्यामुळे माझ्या अंगात मुरलेली बाराची चाल इथे काहीच कामाला येईना.

त्यानंतर मी 'लॅटेरलस' हा त्यांचा संपूर्ण अल्बम चार वेळा ऐकला. त्याच्या शीर्षकगीतात शब्दांची अक्षरे फिबोनाची श्रेणीप्रमाणे (जिच्यात प्रत्येक संख्या आधीच्या दोन संख्यांची बेरीज असते) एक, एक, दोन, तीन, पाच, आठ अशी वाढतात आणि पुन्हा उतरतात, हे भाच्याने दाखवून दिले आणि तिथेच माझ्या मनात शंका आली. गणिताने चोख असलेली तिहाई (तोच बोल तीनदा वाजवून समेवर येणे) समेवर अचूक येते, तरी ऐकणाऱ्याच्या तोंडून दाद निघत नाही, हा अनुभव आमच्या क्षेत्रात नवा नाही. तुमच्यापैकी जे या बँडला अनेक वर्षे ऐकत आहेत त्यांनी कृपया सांगावे: हे लोक आधी हिशेब मांडून त्यात गाणे बसवतात, की गाणे आधी येते? आणि इतकी वर्षे तुम्हाला त्यांच्याजवळ कशाने धरून ठेवले आहे?

खर्ज

लयवेडीताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर निदान 'लॅटेरलस'च्या बाबतीत स्पष्ट देता येते, आणि ते "गाणे आधी" असे आहे. टूल १९९० साली लॉस एंजेलिसमध्ये सुरू झाला. मेनार्ड जेम्स कीनन गातो, अ‍ॅडम जोन्स गिटार वाजवतो, डॅनी केरी ड्रम्स वाजवतो आणि सुरुवातीला बासवर असलेल्या पॉल डॅमोरच्या जागी १९९५ पासून इंग्लंडचा जस्टिन चॅन्सलर आहे. तुम्ही पेरांवर मोजलेले ते वाक्य त्याचेच. त्यांची काम करण्याची रीत अशी की तिघे वादक महिनोन्‌महिने एकत्र वाजवत संगीत घडवतात आणि कीननचे शब्द त्यावर सर्वांत शेवटी चढतात. 'लॅटेरलस'चा मुख्य भाग नऊ, आठ आणि सात अशा मोजणीत सापडला, म्हणून तालमीत त्या गाण्याला 'नऊ-आठ-सात' असेच म्हणत. ९८७ ही फिबोनाची श्रेणीतली सोळावी संख्या आहे, हे त्यानंतर ध्यानात आले आणि अक्षरांची ती चढउतार त्यातून पुढे घडली.

मात्र हा हिशेब ठाऊक नसतानाही ते गाणे मला पकडून ठेवत असे, हे मी स्वानुभवाने सांगतो. २००१ साली मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि खोलीतल्या मित्राच्या मोठ्या भावाने परदेशातून ती सीडी आणली होती. तिच्या पुस्तिकेची पाने पारदर्शक होती आणि त्यांवर अ‍ॅलेक्स ग्रे या चित्रकाराने मानवी देह थरांथरांत काढलेला होता, त्यामुळे एकेक पान उलटले की शरीराचा एकेक थर बाजूला होई. आम्ही चौघे जमिनीवर बसून, पानांवर बोटांचे ठसे उमटू नयेत म्हणून ती कडेने धरून उलटत होतो आणि मागे ते गाणे चालू होते. नऊनंतर आठ आणि आठानंतर सात असे आवर्तन आखडत जाते, तेव्हा उतारावर पावले आपोआप जवळजवळ पडू लागावीत तसे अंग पुढे ओढले जाते. फिबोनाचीचे नाव मी त्यानंतर दोन वर्षांनी ऐकले.

तुमचा दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. या बँडने श्रोत्याच्या लक्षाला फार मान दिला, असे मला वाटते. अ‍ॅडम जोन्सने बँडच्या सुरुवातीच्या काळापर्यंत हॉलिवूडमध्ये स्टॅन विन्स्टन यांच्या स्टुडिओत विशेष दृश्यांसाठी शिल्पे आणि रंगभूषेचे काम केलेले आहे. 'टर्मिनेटर २' आणि 'जुरासिक पार्क' या चित्रपटांच्या कामात तो होता. तेच कसब त्याने बँडच्या व्हिडिओंमध्ये आणले, आणि त्यांतल्या अनेकांत या चौघांच्या चेहऱ्यांऐवजी हाताने घडवलेल्या, एकेका चौकटीने हलवलेल्या बाहुल्या दिसतात. मैफलीत कीनन बहुधा मंचाच्या मागच्या बाजूला, ड्रम्सच्या शेजारी, अंधुक उजेडात उभा राहून गातो. गायकाने पुढे येऊन गर्दी ताब्यात घ्यायची, हा रॉक संगीताचा जुना रिवाज त्यांनी बाजूला ठेवला, त्यामुळे ऐकणाऱ्याचे लक्ष माणसावर न अडकता नादावर राहते.

त्यांनी वाट पाहायलाही लावली. '१०,००० डेज' हा अल्बम २००६ साली आला आणि त्यानंतरचा 'फिअर इनॉक्युलम' ३० ऑगस्ट २०१९ रोजी. मधल्या तेरा वर्षांत न्यायालयीन वादात बरीच वर्षे गेली आणि माझ्याबाबतीत म्हणाल तर नोकरी, लग्न, मुलीचा जन्म असे सर्व घडून गेले. त्याच ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत त्यांचे संगीत स्ट्रीमिंगवरही नव्हते. अल्बमचे शीर्षकगीत दहा मिनिटांहून लांब असूनही बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या शंभरांत आले. तोवर त्या यादीत इतके लांब गाणे कधीच आले नव्हते. अल्बमही अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला.

मला त्या यशापेक्षा त्या अल्बमची चाल अधिक मोलाची वाटली. 'अंडरटो' या अल्बममधला १९९३ सालचा संताप पुन्हा उगाळण्याचा प्रयत्न त्यांनी केला नाही. 'इन्व्हिन्सिबल' हे गाणे वय झालेल्या योद्ध्याविषयी आहे, ज्याला आपण अजून उपयोगाचे आहोत का, हा प्रश्न छळतो आहे, आणि ते गाणारे व वाजवणारे लोक स्वतः पन्नाशीच्या आसपासचे किंवा पुढचे आहेत. केरी तर त्या वर्षी अठ्ठावन्न वर्षांचा होता. याच अल्बममधले 'न्यूमा' हे गाणे वाजवताना केवळ त्याच्यावर रोखलेल्या कॅमेऱ्यांनी टिपलेला एक व्हिडिओ उपलब्ध आहे, तो तुम्ही अवश्य पाहावा. मनगट, कोपर, खांदा यांतली कोणतीही हालचाल त्यात वाया जात नाही. (डिजिटल आवृत्तीत मोठ्या गाण्यांच्या मधे घातलेले छोटे तुकडे मात्र मला अनावश्यक वाटतात, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो.)

निषाद

खर्ज यांच्याशी मी शेवटच्या अल्बमबाबत सहमत नाही. 'ईनिमा' आणि 'लॅटेरलस' या आधीच्या अल्बममध्ये गाणे कुठे वळेल याचा अंदाज येत नसे. 'फिअर इनॉक्युलम'मध्ये मात्र हळू आरंभ, थरावर थर आणि शेवटी स्फोट हा एकच आराखडा पुन्हा पुन्हा येतो. तो आराखडा सुंदर आहे, पण मला तो पाठ होऊन गेला. 'सेव्हन-टेम्पेस्ट' हे एक गाणे त्याला अपवाद, कारण त्याच्या पंधरा मिनिटांत जोन्सची गिटार पूर्वीसारखी बेभान होते.

समेवर

लयवेडीताई, मीही तबल्याकडूनच या बँडकडे आलो, म्हणून तुम्हाला जवळचे वाटेल ते सांगतो. डॅनी केरीने आलोक दत्त यांच्याकडे तबल्याचे शिक्षण घेतलेले आहे. २००० साली निघालेल्या 'सॅलिव्हल' या संचात 'पुशिट' या गाण्याचे मैफलीतले ध्वनिमुद्रण आहे आणि त्यात तबल्यावर स्वतः आलोक दत्त आहेत. मूळ गाण्यापेक्षा हे रूप सुरुवातीला कितीतरी संथ आहे, आणि त्यात तबला वरून शिंपडलेल्या मसाल्यासारखा येत नाही. गिटारचे सूर लांबवर तरंगत असताना डग्ग्याची घुमक खालून त्यांना उचलून धरते. आपल्याकडे फ्यूजनच्या नावाखाली तबलजीला एक कोपरा आणि दोन मिनिटांची सवाल-जबाबाची जागा देतात, त्या तुलनेत ही वागणूक मला फार सभ्य वाटली.

केरीच्या स्वतःच्या वादनातही हे शिक्षण मुरलेले दिसते. तो इलेक्ट्रॉनिक पॅडवर तबल्यासारखे नाद वाजवतो, पण माझ्या मते खरा परिणाम त्याच्या लयीच्या समजेत आहे. गिटारचे आवर्तन एका लांबीचे आणि ड्रम्सचे दुसऱ्या लांबीचे ठेवून दोघांना दूरवर एका ठिकाणी भेटवणे, हे तो सहजतेने करतो. ज्याने लेहऱ्यावर, म्हणजे सतत फिरणाऱ्या एकाच सुरावटीवर, तबल्याचा सोलो ऐकला आहे त्याला ही भेट ओळखीची वाटते.

फिबोनाचीबद्दलही एक सांगावेसे वाटते. बाराव्या शतकात हेमचंद्रांनी छंदशास्त्रात हाच हिशेब मांडला होता. लघू एका मात्रेचा आणि गुरू दोन मात्रांचा धरला, तर तीन मात्रा तीन प्रकारे, चार मात्रा पाच प्रकारे आणि पाच मात्रा आठ प्रकारे भरता येतात. म्हणजे आपल्याकडे ही श्रेणी मुळात अक्षरे आणि मात्रा मोजतानाच हाती लागली, आणि कीननने तीच अक्षरांच्या मोजणीत वापरली.

एक प्रयोग सुचवतो. नऊ, आठ आणि सात मिळून चोवीस मात्रा होतात, म्हणजे सोळा मात्रांच्या त्रितालाचे दीड आवर्तन. डग्ग्यावर सोळा मात्रा धरून ठेवा आणि तोंडाने नऊ-आठ-सात दोनदा म्हणा. तीन आवर्तने पूर्ण होताच तुम्ही समेवर असाल.

पागोळी

मला तालातले काही कळत नाही. मी या बँडजवळ का राहिले, तेवढेच लिहिते.

कीननच्या आईला, ज्युडिथ मेरी यांना, १९७६ साली पक्षाघात झाला. तेव्हा तो लहान मुलगा होता. पुढची सत्तावीस वर्षे त्यांनी त्या देहात काढली आणि २००३ साली त्या गेल्या. '१०,००० डेज' हे नाव त्या सत्तावीस वर्षांचे आहे. अल्बममधली 'विंग्ज फॉर मेरी' आणि '१०,००० डेज' ही दोन गाणी मिळून एकच सतरा मिनिटांचे गाणे आहे आणि त्यात पाऊस आणि मेघगर्जना ऐकू येतात. आईची श्रद्धा अढळ होती, मुलाची नव्हती. तरीही तो तिला सांगतो की स्वर्गाच्या दाराशी गेल्यावर मान वर करून आपले पंख मागून घे.

माझ्या आईला २०१४ मध्ये पक्षाघात झाला आणि ती साडेतीन वर्षे अंथरुणाला खिळून होती. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रात्री दर दोन तासांनी तिची कूस बदलावी लागे, आणि मधल्या वेळात झोप लागू नये म्हणून मी गाणी ऐकत असे. हेडफोनचे एकच बोंडूक कानात घालायचे, कारण दुसरा कान तिच्या श्वासाकडे ठेवावा लागे. जूनमधल्या एका रात्री कानात त्या गाण्यातला पाऊस वाजत होता आणि बाहेर खराच पाऊस पत्र्यावर सुरू झाला, तेव्हा कितीतरी वेळ मला दोन्हींतला फरक कळला नाही. आई जागी होती. तिने चांगला चालणारा डावा हात पुढे केला, म्हणून मी ते बोंडूक तिच्या कानात घातले. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. शब्द तिला कळण्याचे कारण नव्हते. गाणे संपल्यावर तिने माझा हात दाबला आणि मग मी तिची कूस बदलली.

लयवेडी

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिलेत याबद्दल मी ऋणी आहे. पागोळी, तुमचे लिहिणे वाचल्यावर मी ती दोन गाणी त्याच दिवशी ऐकू शकले नाही; चार दिवसांनी, घरात कोणी नसताना ऐकली. त्या सतरा मिनिटांत मी एकदाही मात्रा मोजली नाही, हे माझ्या ध्यानात गाणे संपल्यावर आले. माझी शंका त्याच वेळी मिटली.

'पुशिट'चे ते ध्वनिमुद्रणही मिळाले. डग्ग्याविषयी समेवर यांनी लिहिलेले अक्षरशः खरे आहे, आणि निषाद यांनी उल्लेखलेला 'ईनिमा' आता पुढचा आहे.

समेवर यांनी सुचवलेला प्रयोग मी काल वर्गात केला. मी डग्ग्यावर त्रिताल धरला आणि मुलांना नऊ, आठ, सात यांच्या पहिल्या मात्रेवर टाळी द्यायला सांगितली. पहिल्या तीन प्रयत्नांत साताच्या ठिकाणी सगळे कोसळले, कारण आठानंतर हात आपोआप आठासाठीच थांबत होते. मग सर्वांत धाकट्या मुलीने डोळे मिटून मोठ्याने मोजायला सुरुवात केली आणि बाकीचे तिच्यामागे गेले. तिसरे आवर्तन संपून त्यांची टाळी आणि माझी थाप समेवर एकत्र पडली, तेव्हा मी शिकवलेले नसतानाही सगळी मुले एकदमच "हां!" म्हणाली.