जठर-अन्ननलिकेचे आजार सगळे एकमेकांत मिसळतायत, कुणी वॉर्डातलं आहे का?

जीएनएम_दुसरं_वर्ष
परवा मेडिकल-सर्जिकलची टेस्ट आहे. तोंड, अन्ननलिका, जठर एवढाच भाग, पण नोट्स वाचल्या की सगळे आजार सारखेच वाटतात. जीईआरडीच्या (आम्ल अन्ननलिकेत वर येतं तो आजार) पेशंटला जेवल्यावर बसवायचं आणि डम्पिंगच्याला (जठराच्या ऑपरेशननंतरचा त्रास) झोपवायचं, की उलटं? जेवल्यावर दुखतो तो गॅस्ट्रिक अल्सर (जठरातला व्रण) की ड्युओडिनल (लहान आतड्याच्या सुरुवातीचा)? रूममेट म्हणते पाठ कर.

शाहूपुरीची_सिस्टर
पाठ केलंस तर परवा लिहिशील आणि ड्युटीवर विसरशील. माझी सगळी नोकरी मेडिसिन वॉर्डात गेली. माझं ऐकशील तर पेशंटला "कुठं दुखतंय" याच्याबरोबर "कधी दुखतंय" हे विचारायचंच.

शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला असलेले एक मामा आले होते. म्हणाले, "सिस्टर, रातच्याला दोनला पोटात आग पडती, दोन बिस्किटं खाल्ली की निवतं." हा ड्युओडिनल. जेवणानंतर दोन-तीन तासांनी किंवा रात्री दुखतो, खाल्लं की थांबतो. गॅस्ट्रिकचं दुखणं जेवल्यावर अर्ध्या-एक तासात चढतं, म्हणून तो माणूस खायलाच भितो आणि वाळत जातो. सगळेच पेशंट पुस्तकाप्रमाणे वागत नाहीत, शेवटी एंडोस्कोपीच ठरवते.

मामांना विचारलं, कंबर दुखते का? खिशातून डायक्लोफिनॅकची अर्धी स्ट्रिप निघाली! अल्सरची मोठी कारणं दोनच, या वेदनाशामक गोळ्या आणि हेलिकोबॅक्टर पायलोरी. बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये तो जंतू स्वतः पिऊन बघितला आणि २००५ मध्ये रॉबिन वॉरन यांच्यासोबत नोबेल मिळवलं. तांबडा रस्सा अल्सर करत नाही, असलेल्याला झोंबतो. (कोल्हापुरात हे सांगितलं की पेशंटचा चेहरा बघावा.)

आता तुझं बसवणं-झोपवणं. जीईआरडीत अन्ननलिका आणि जठरामधली झडप सैल असते, आम्ल वर येतं. म्हणून जेवल्यावर बसव, रात्रीचं जेवण झोपायच्या दोन-तीन तास आधी, आणि पलंगाची डोक्याकडची बाजू ६ ते ८ इंच उचल. नुसत्या उशा रचू नकोस, पोट दुमडतं. डम्पिंगमध्ये जठराचा भाग काढलेला असतो, अन्न भसकन आतड्यात उतरतं, मग घाम, धडधड, चक्कर. त्याला जेवल्यावर आडवं कर, घास थोडे, गोड कमी, जेवताना पाणी नको.

काळी, चिकट शी झाली म्हणाला तर आत रक्तस्राव असू शकतो, आधी नाडी-बीपी बघ आणि लोहाच्या गोळ्या चालू आहेत का विचार. पोट फळीसारखं कडक लागलं तर अल्सर फुटलेला असू शकतो, तोंडावाटे काही नाही, पाणीसुद्धा नाही, आणि डॉक्टरांना लगेच बोलाव.

गंगावेशीतला_दातवाला
सिस्टरांनी तोंड सोडून दिलं, म्हणून मी. पांढरा थर गॉजनं पुसा. निघाला आणि खाली लालभडक दिसलं तर बहुधा कँडिडा, म्हणजे बुरशी. डायबेटीस, कवळी, दम्याचा पंप विचारा. पुसूनही निघालाच नाही तर ल्युकोप्लाकियाचा (पुढे कॅन्सर होऊ शकणारा पांढरा चट्टा) संशय, बायोप्सीला पाठवा. पेशंटला स्वतःची तीन बोटं उभी तोंडात घालायला सांगा. जात नसतील तर मावा-सुपारीचं विचारा, सबम्युकस फायब्रोसिस (तोंड आखडत जाणारा आजार) असू शकतो. राज्यात गुटखाबंदी २०१२ पासून आहे, आमच्या खुर्चीवर ती जाणवत नाही. आणि मिशरीचं वेगळं विचारा. मिशरी लावणाऱ्या मावशी "तंबाखू खात न्हाई" म्हणतात, आणि त्यांना खरंच तसं वाटत असतं. दोन आठवड्यांत न भरलेला फोड म्हणजे थांबायचं नाही.

जीएनएम_दुसरं_वर्ष
सिस्टर, दातवाले दादा, आभारी आहे. आता रूममेटलाच शिकवते. गिळायच्या त्रासाचं राहिलं, आणि पॅन्टॉप (आम्ल कमी करणारी गोळी) कधी द्यायची?

शाहूपुरीची_सिस्टर
इथंही "कधीपासून, काय" हेच. आधी भाकरी अडकते, मग भात, मग पाणी, वजन उतरतंय, तर कॅन्सर मनात धर. सुरुवातीपासूनच भाकरी आणि पाणी दोन्ही अडकतं ते अकॅलेशियाकडे (अन्ननलिकेची खालची झडप नीट उघडत नाही) जातं.

पन्नाशीचा माणूस घामाघूम येऊन "ॲसिडिटी झालीया, जेल द्या" म्हणाला तर बाटलीला हात लावायच्या आधी ईसीजी, हार्ट अटॅक असू शकतो. पॅन्टॉप नाश्त्याच्या अर्धा तास आधी. सुक्रालफेट (अल्सरवर थर धरणारं औषध) रिकाम्या पोटी, अँटासिडपासून निदान अर्धा तास लांब. वेळा औषधाच्या कागदावर लिहून दे, तोंडी सांगितलेलं स्टँडपर्यंत टिकत नाही.