हॉलच्या भिंतीवर बंब, घंगाळ, धोटे, जुनी चादर मांडायची आहे. शोकेस, पॉलिश, लाईट कसं करावं?

जुळे_सोलापूर
फ्लॅटच्या हॉलमधली ९ फूट रुंदीची भिंत मोकळी आहे. घरातल्या जुन्या वस्तू तिथे मांडायच्या आहेत: तांब्याचा बंब (चिमणीसकट सव्वादोन फूट), पितळी घंगाळ, दोन समया, पानाचा डबा, अडकित्ता, बिदरीची सुरई, हातमागाचे चार धोटे (आडवा धागा इकडून तिकडे नेणारी लाकडी नाव) आणि एक फणी (धागे ठोकून बसवणारी), जेकार्डची जुनी सोलापुरी चादर (एक कड विरली आहे), गिरणी कामगारांचा ग्रुप फोटो आणि दगडी जातं. सुतार म्हणतो, पूर्ण भिंतभर प्लायची काचेची शोकेस करू आणि प्रत्येक खणात दोन-तीन वस्तू ठेवू. भांडी पॉलिश करून चकचकीत करावीत का? चादर लटकवली तर चालेल का? समोरच्या खिडकीत उन्हाळ्यात कूलर असतो.

मांडणीवाला
भिंतभर शोकेस नको. सगळं एका मापाच्या खणांत गेलं की भांड्यांच्या दुकानासारखं दिसतं आणि बंबाची उंची मारली जाते. आधी वस्तूंचे गट पाडा. बंब, घंगाळ न्हाणीघरातले. समया, पानाचा डबा, अडकित्ता, सुरई बैठकीतल्या. धोटे, फणी, चादर आणि गिरणीचा फोटो मागाचे. जातं एकटंच राहतं, त्याला एकटंच ठेवा.

९ फुटांचे तीन भाग समान करू नका. डावीकडे साधारण साडेतीन फुटांत बंब आणि घंगाळ, जमिनीपासून ६ इंच उंच ओट्यावर. बंब मागे, घंगाळ त्याच्या पुढे थोडं बाजूला, म्हणजे बंबाचा खालचा तिसरा हिस्सा झाकला जाईल. दोन्ही शेजारी-शेजारी सरळ रेषेत ठेवलं तर दोन्ही भांडी बुटकी वाटतात. उजवीकडे चार फुटांत मागाचा गट. मधला दीड फूट मोकळा सोडा. ही मोकळी जागा भरायचा मोह आवरा, तिच्यामुळेच दोन गट वेगळे वाचता येतात.

फोटोचा मध्य जमिनीपासून ४ फूट १० इंचांवर घ्या, उभ्या माणसाची नजर साधारण तिथे पडते. धोटे ओळीत आडवे ठेवू नका. तीन ठेवा, चौथा पेटीत राहू द्या. १५ अंश कललेल्या फळीवर, टोकं एकाच दिशेला, दोन धोट्यांत मुठीएवढं अंतर. एका धोट्यात सूत गुंडाळलेली कांडी बसवा, त्याशिवाय नव्या पिढीला तो नुसता लाकडी तुकडा वाटतो. फणी त्यांच्या मागे उभी, म्हणजे तिच्या फटींतून भिंत दिसेल.

भिंतीचा रंग पांढरा ठेवू नका. पितळ-तांबं पांढऱ्यावर मळकट दिसतं. गडद हिरवा किंवा काव-तांबडा, पूर्ण मॅट. चकाकणारा ऑइल पेंट दिला तर भिंतीवर दिव्यांचे ठिपके उठतात.

कासार_आळी
पॉलिशचं आधी ठरवा आणि मगच हात लावा. एक समई चकचकीत आणि शेजारचं घंगाळ काळसर, हे सगळ्यात वाईट दिसतं. माझं मत स्पष्ट आहे: बंब आणि घंगाळ तपकिरीच ठेवा. तो रंग तयार व्हायला वर्षं लागली आहेत आणि पावडरने तो दहा मिनिटांत जातो. दर घासणीला धातूचा थरही जातो, कोरलेली नक्षी आणि नावं आधी पुसट होतात.

धुताना कोमट पाणी, बिनवासाचा सौम्य साबण, मऊ ब्रश. चिंच, मीठ, लिंबू नको. मीठ सांध्यात आणि कड्यांच्या खाचांत राहतं, पावसाळ्यात हवेत ओल आली की तिथूनच हिरवे ठिपके फुटतात. शेवटचं पाणी बोअरचं नको, ते जड असतं आणि वाळल्यावर पांढरे डाग सोडतं. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी लिटरभर आणा आणि त्याने विसळा. लगेच सुती कापडाने पुसा, नंतर दोन तास उन्हात. पूर्ण कोरडं झाल्यावर मेणाचा (मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्स) अगदी पातळ हात, पंधरा मिनिटांनी कापडाने घासून काढा. लॅकर (पारदर्शक व्हार्निश) मारू नका. कुठे ओरखडा पडला की तिथून काळं पडायला सुरुवात होते आणि मग सगळं लॅकर काढावं लागतं.

बंबाच्या आतली राख पूर्ण काढा. राख ओल धरते. कोरड्या ब्रशने झाडा, नळीत पाणी घालून धुऊ नका. कुठल्या भांड्याला आतून कल्हई असेल तर ती घासू नका.

बिदरीच्या सुरईला वरचं काहीच लागू नाही. तिचा मूळ धातू बहुतांश जस्त असतो, थोडं तांबं, आणि काळा रंग वरून बिदरच्या मातीची प्रक्रिया करून आणलेला असतो. पावडर, लिंबू लागलं की काळा जाऊन करडा धातू उघडा पडतो आणि चांदीची नक्षी उठून दिसत नाही. फक्त कोरडं मऊ कापड, वर्षातून एकदा खोबरेल तेलाचा एक थेंब बोटाने.

सुतारकाम
एक छोटी बंद शोकेस कराच, पण या ९ फुटांत नाही, बाजूच्या भिंतीला, आणि फक्त लहान वस्तूंसाठी: पानाचा डबा, अडकित्ता, सुरई. ३ फूट रुंद, १ फूट खोल. कच्च्या एमडीएफचं (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) काम नको, त्यातून आम्ल वाफा निघत राहतात आणि बंद जागेत धातूवर बसतात. प्लाय घेतला तरी सगळ्या कडा लॅमिनेटने बंद करा आणि वस्तू ठेवण्याआधी दारं उघडी टाकून महिनाभर वास जाऊ द्या.

काच बसवताना सुताराला सिलिकॉनची ट्यूब विचारा. व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर ते असिटिक, ते वापरू देऊ नका. न्यूट्रल क्युअर मागा, थोडं महाग पण तांब्या-पितळेला निर्धोक. तळाला रबर किंवा लोकरीची फेल्ट घालू नका, दोन्हीतल्या गंधकाने चांदी काळी पडते. सुती कापड बास.

लाईटची पट्टी शोकेसच्या मागच्या कडेला लावायची सवय आहे, ती सोडा. मागून उजेड आला की नुसती सावली दिसते. वरच्या पुढच्या कडेला, लाकडी पट्टीच्या आड, आत झुकवून लावा. २७०० ते ३००० केल्विन (पिवळसर उजेड), सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वर. ड्रायव्हर शोकेसच्या बाहेर, तो तापतो.

जातं काचेच्या फळीवर चढवू नका. जमिनीवर, खाली सागवानी पाट.

जुळे_सोलापूर
समया आधीच पावडरने घासून झाल्या आहेत. भिंत एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या विटांची) आहे. कूलरचा झोत सरळ या भिंतीवर येतो. चादरीचं कसं?

कासार_आळी
समया परत धुऊन डिस्टिल्ड पाण्याने विसळा आणि सांधे उघडे ठेवून वाळवा, आत पावडर राहिली तर आटे अडकतात. त्या आता चकचकीतच राहू द्या, शोकेसच्या शेजारी वेगळ्या ठेवा, बंबापासून लांब.

कूलरचा झोत वळवा. दुपारी दमट झोत आणि रात्री कोरडी हवा, या चढउताराने धोट्यांचं लाकूड उभं चिरतं आणि धातूवर कूलरच्या पाण्यातले क्षार बसतात.

माग_विणकाम
विरलेली कड वर येईल अशी चादर लटकवू नका, सगळं वजन तिथेच येईल. चिमटे, खिळे, स्टेपल अजिबात नाही. मजबूत कडेला मागून चार इंच रुंदीची मांजरपाटाची नळी शिवा. मांजरपाट आधी दोनदा गरम पाण्यात धुवा, खळ निघाली पाहिजे. टाके हाताने, धाग्यांच्या मधून, दर अर्ध्या इंचाला, पूर्ण रुंदीभर. नळीत अॅल्युमिनियमचा पाइप. असं केल्याने वजन सगळ्या ताण्यांवर वाटलं जातं.

आणि ती तीन महिन्यांहून जास्त भिंतीवर नको. रंग उडतो तो परत येत नाही. खिडकीला यूव्ही फिल्म लावा, चादरीवर थेट लाईट सोडू नका. उरलेला काळ जाड पुठ्ठ्याच्या नळीवर मांजरपाट गुंडाळून त्यावर चादर गुंडाळा. घडी घातली की घडीवरच फाटते. डांबराच्या गोळ्या कापडाला टेकू देऊ नका.

फोटोची चांगली प्रत काढून ती फ्रेम करा, मूळ फोटो कपाटात. मूळच लावायचा असेल तर काच आणि फोटोमध्ये माउंटची फट हवी, नाहीतर पावसाळ्यात फोटो काचेला चिकटतो.

सुतारकाम
एएसी ब्लॉकमध्ये साधा रावल प्लग काही दिवसांत ढिला होतो. एएसीसाठीचे खास नायलॉन अँकर मिळतात, ते घ्या आणि ड्रिल हॅमरवर न ठेवता साध्या फिरतीवर चालवा. चादरीच्या पाइपला तीन ब्रॅकेट, दोन टोकांना आणि एक मधे.

धोट्यांवर बारीक भोकं आणि खाली पिठासारखी भुकटी दिसली तर भुंगा आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बांधा, डीप फ्रीझरमध्ये उणे १८ ला दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर एक दिवस पिशवी उघडायची नाही, नाहीतर गार लाकडावर पाणी सुटतं.

मांडणीवाला
पुढे कधी विकत घेऊन भर घालणार असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली १०० वर्षांहून जुनी मूर्ती, शिल्पं, चित्रं यांना वेगळे नियम आहेत: काही प्रकारांची नोंदणी पुरातत्त्व खात्याकडे करावी लागते, विक्रीला परवाना लागतो आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाहीत. हस्तलिखितांना ही मर्यादा ७५ वर्षं आहे. जुन्या देवळातली म्हणून कोणी दगडी मूर्ती दाखवली तर घेऊ नका.