पटावरचा आकडा मागे ठेवण्याची वेळ आली आहे का?

अन्वय (धागालेखक)

युनेस्कोने 2024 मध्ये दिलेल्या अंदाजानुसार जगातील 25.1 कोटी मुले आणि किशोरवयीन शाळेबाहेर आहेत, आणि जवळजवळ दहा वर्षांत ही संख्या जेमतेम एका टक्क्याने घटली आहे. हा आकडा गंभीर आहे, याबद्दल माझे दुमत नाही. तरीही शिक्षणाच्या जागतिक आकडेवारीत पटनोंदणीला आणि शाळेत घालवलेल्या वर्षांना जे पहिले स्थान दिले जाते, ते आता काढून घ्यावे आणि मुलाला वाचता येते का, या प्रश्नाला द्यावे, असे मला वाटते.

2000 ते 2015 या काळात सर्व मुलांनी प्राथमिक शिक्षण पूर्ण करावे, हे जगाचे उद्दिष्ट होते. विकसनशील देशांतील प्राथमिक नोंदणी त्या पंधरा वर्षांत 83 टक्क्यांवरून 91 टक्क्यांवर गेली आणि ते मोठे यश म्हणून सांगितले गेले. पुढे 2019 मध्ये जागतिक बँकेने वेगळा प्रश्न विचारला, तेव्हा कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतील दहा वर्षांच्या मुलांपैकी 53 टक्के मुलांना साधा मजकूर वाचून समजत नाही, असे उत्तर आले. ज्या मुलांची नावे पटावर आल्याचा आनंद आपण केला, त्यांतील कितीतरी मुले वर्गात बसूनही कोरी राहिली.

पटाचा आकडा स्वतःही विश्वासार्ह नाही. केनियाने 2003 मध्ये प्राथमिक शिक्षण निःशुल्क केले आणि शाळांचा निधी पटसंख्येशी बांधला गेला. जस्टिन सँडफर आणि अमांडा ग्लासमन या संशोधकांनी आफ्रिकेतील अनेक देशांचे सरकारी आकडे आणि घरोघर जाऊन केलेल्या पाहण्या शेजारी ठेवल्या, तेव्हा सरकारी नोंदींतली वाढ पाहण्यांमध्ये तितकी आढळली नाही. ज्या संख्येवर पैसे मिळतात ती संख्या फुगते, आणि तिच्यावरून जगाची प्रगती मोजणे मला धोक्याचे वाटते. शिवाय मूल वर्गात असले तरी शिक्षक असेलच, असे नाही. बांगलादेश, इक्वेडोर, भारत, इंडोनेशिया, पेरू आणि युगांडा या सहा देशांतील प्राथमिक शाळांना पूर्वसूचना न देता भेटी देऊन केलेला एक अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सरासरी 19 टक्के शिक्षक गैरहजर आढळले. अशा दिवशीही मुलाची हजेरी मात्र लागलेली असते.

मृद्गंध

अन्वय, तुमची तळमळ पोचली, पण निष्कर्षाशी मी पूर्णपणे असहमत आहे. शाळेत घालवलेल्या वर्षांचा आकडा पोकळ असता, तर त्याच्या मागोमाग माणसांच्या आयुष्यात काहीच बदलले नसते. प्रत्यक्षात बरेच बदलले आहे. 1970 ते 2009 या काळात पाच वर्षांखालील बालकांचे मृत्यू जितके कमी झाले, त्यांपैकी निम्म्याहून अधिक घट प्रजननवयातील स्त्रियांचे शिक्षण वाढल्यामुळे झाली, असा अंदाज 2010 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातील अभ्यासाने मांडला. संख्येत सांगायचे तर 82 लाखांपैकी 42 लाख मृत्यू. त्या अभ्यासात कोणाचीही वाचनपरीक्षा घेतली नव्हती. स्त्रिया किती इयत्ता शिकल्या, एवढेच मोजले होते, आणि त्या स्त्रिया ज्या शाळांत शिकल्या त्यांतील अनेक शाळा तुमच्या कसोटीवर नापास ठरल्या असत्या.

दुसरे उदाहरण इंडोनेशियाचे. 1973 नंतरच्या पाच-सहा वर्षांत त्या देशाने 61 हजारांहून अधिक प्राथमिक शाळा बांधल्या. एस्थर डुफ्लो यांनी 2001 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले की ज्या भागांत जास्त शाळा बांधल्या गेल्या, तिथली मुले अधिक वर्षे शिकली आणि पुढे त्यांचे वेतनही वाढले. शाळा जवळ आली, मूल आत गेले, आणि त्याचा परिणाम मोठेपणी दिसला.

आता तुम्ही सुचवलेल्या मापाकडे पाहू. वाचन, गणित आणि विज्ञान तपासणारी पिसा ही आंतरराष्ट्रीय परीक्षा 15 वर्षांच्या मुलांची असते, पण त्यांतही जी शाळेत आहेत आणि किमान सातव्या इयत्तेत पोचली आहेत, त्यांचीच. मेक्सिकोमध्ये 2018 च्या परीक्षेत त्या वयाच्या सुमारे दोन तृतीयांश मुलांचेच प्रतिनिधित्व होते. एखाद्या देशाने उरलेल्या तिसऱ्या हिश्श्याला खटपट करून शाळेत आणले, तर त्याची सरासरी खाली येण्याचा संभव असतो, आणि ज्याने त्यांना बाहेरच ठेवले तो वर राहतो. सर्वांत वंचित मुलाला दाराबाहेर ठेवल्याचे बक्षीस देणारे माप पहिल्या स्थानी बसवू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आणि तो 53 टक्क्यांचा आकडा तुम्ही उद्धृत केलात, त्यातही शाळाबाह्य मुले धरलेली आहेत. त्यांना वाचता येत नाही, असे गृहीत धरूनच ते प्रमाण काढले जाते. म्हणजे पटाचा आकडा बाजूला केला, तर तुमचा आकडाही उभा राहत नाही.

शब्दवेध

मृद्गंध यांच्या पहिल्या मुद्द्याबद्दल एक खुलासा आवश्यक वाटतो. लॅन्सेटमधील तो अभ्यास आकडेवारीच्या प्रतिमानावर (मॉडेलवर) आधारलेला आहे. त्याच चार दशकांत लसीकरण, स्वच्छ पाणी आणि उत्पन्न यांतही मोठे बदल झाले, आणि अभ्यासकांनी उत्पन्नासारखे घटक वेगळे काढण्याचा प्रयत्न केला असला, तरी सगळे घटक पूर्णपणे वेगळे होत नाहीत. शिक्षणाचा वाटा मोठा आहे, हे मान्य. ‘निम्म्याहून अधिक’ हे मात्र मोजलेले सत्य म्हणून सांगू नये.

पट किती फसवा असू शकतो, हे एप्रिल 2020 मध्ये सर्वांनी पाहिले. 190 हून अधिक देशांत शाळा बंद होत्या आणि सुमारे 160 कोटी विद्यार्थी घरी बसले होते, तरी पटावरची त्यांची नावे तशीच होती.

सांख्यिक

मी काही वर्षे कुटुंब सर्वेक्षणांच्या तक्त्यांवर काम केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. वरची चर्चा अंशाविषयी चालली आहे. माझी चिंता छेदाची आहे.

शाळाबाह्य मुलांचे प्रमाण काढायचे, तर त्या वयाची एकूण मुले किती, हे आधी माहीत हवे. काँगो लोकशाही प्रजासत्ताकाची शेवटची जनगणना 1984 ची आहे. अफगाणिस्तानची 1979 ची, आणि तीही अपूर्ण राहिली. नायजेरियाची 2006 ची. शाळाबाह्य मुलांच्या संख्येत नायजेरिया जगातील पहिल्या काही देशांत मोजला जातो, आणि तिथे आज दहा वर्षांचे असलेले एकही मूल कोणत्याही जनगणनेत मोजले गेलेले नाही. जन्मदर, मृत्युदर आणि स्थलांतर यांचे अंदाज एकावर एक रचून ही लोकसंख्या काढली जाते. छेद पाच टक्क्यांनी हलला, तर लाखो मुले कागदावर शाळाबाह्य होतात किंवा शाळेत परत येतात, आणि प्रत्यक्षात एकही मूल जागचे हललेले नसते.

वयाचा घोळ याहून जुना आहे. सकल नोंदणी गुणोत्तरात वर्गातली सगळी मुले मोजली जातात, मग त्यांचे वय काहीही असो, आणि भागाकार मात्र ठरावीक वयोगटाने केला जातो. उशिरा दाखल झालेली आणि त्याच इयत्तेत पुन्हा बसलेली मुले जिथे जास्त, तिथे हे गुणोत्तर शंभराच्या वर जाते. मलावीने 1994 मध्ये आणि युगांडाने 1997 मध्ये प्राथमिक शुल्क रद्द केले, तेव्हा मोठ्या वयाची मुले पहिलीत आली आणि नेमके हेच घडले. शिक्षण पूर्ण करण्याचे प्रमाण काढताना उलटी अडचण येते. शेवटच्या इयत्तेच्या अपेक्षित वयापेक्षा तीन ते पाच वर्षांनी मोठ्या मुलांकडे पाहून ते प्रमाण ठरते. त्याहूनही उशिरा शाळा पूर्ण करणारे मूल त्या हिशेबात यशस्वी धरले जात नाही.

हजेरीबद्दल सांगायचे, तर युनिसेफच्या पाहणीत साधारण असा प्रश्न असतो: या शालेय वर्षात हे मूल कधीतरी शाळेत गेले का? वर्षातून एक दिवस गेलेले मूलही ‘हो’ या रकान्यात जाते. तरीही मी हा आकडा पटापेक्षा बरा मानतो, कारण उत्तर देणाऱ्या घरातल्या माणसाला त्यातून निधी मिळायचा नसतो.

आणखी एक. 25.1 कोटी हा आकडा एकच आहे, असे समजू नये. त्यातील जवळजवळ निम्मी मुले उच्च माध्यमिक वयाची आहेत. कधीच शाळा न पाहिलेली सात वर्षांची मुलगी आणि दहावीनंतर कामाला लागलेला सतरा वर्षांचा मुलगा यांची बेरीज करून जे मिळते, त्यावरून कोणतेही धोरण आखता येत नाही. पूर्ण करण्याचे प्रमाण प्राथमिकला सुमारे 87 टक्के, निम्न माध्यमिकला 77 आणि उच्च माध्यमिकला 59 टक्के आहे. हे तीन आकडे वेगवेगळे ठेवले, तर पायऱ्या कुठे तुटतात हे निदान दिसते. प्रौढांच्या शिक्षणाची सरासरी वर्षे मात्र आजच्या शाळांबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाहीत. मानव विकास निर्देशांकात ती 25 वर्षांवरील लोकांची धरतात, म्हणजे त्यांत काही दशकांपूर्वीच्या शाळा मोजल्या जातात.

अन्वय

मृद्गंध, पिसाबद्दलचा तुमचा आक्षेप मला पटला आणि मी माझी मांडणी बदलतो. परीक्षा शाळेत घेतली, तर बाहेरचे मूल सुटणारच. म्हणून ती घरी घ्यावी. भारतात 2005 पासून असर पाहणीने हेच केले. दारात जाऊन मुलाच्या हातात एक परिच्छेद दिला आणि मूल पटावर आहे की नाही, याची पर्वा न करता त्याला तो वाचायला सांगितला. पाकिस्तान, केनिया, टांझानिया आणि युगांडा येथेही अशा पाहण्या झाल्या. त्यात पट, हजेरी आणि वाचन ही तिन्ही उत्तरे एकाच घरातून मिळतात.

मूळ मुद्दा मात्र मी सोडत नाही. मंत्र्यांना ज्या आकड्याबद्दल जाब विचारला जातो, तोच आकडा सुधारतो. तो आकडा वाचनाचा असावा.

मृद्गंध

घरी जाऊन विचारण्याबद्दल आपले एकमत आहे. पण अफगाणिस्तानात 2021 पासून मुलींना माध्यमिक शाळा बंद आहेत आणि युनेस्कोच्या 2024 मधील म्हणण्यानुसार किमान 14 लाख मुलींचे शिक्षण त्यामुळे हिरावले गेले आहे. तिथे पहिला जाब वाचनाचा विचारायचा की दार बंद का, याचा? त्या मुलींपैकी कित्येक जणी उत्तम वाचू शकतात. तुमच्या एका परिच्छेदाच्या कसोटीवर त्या उत्तीर्ण होतील आणि जगाच्या तक्त्यात त्यांच्यावरचा अन्याय कुठेच उमटणार नाही.

सांख्यिक

अन्वय यांच्या प्रस्तावाला मोठी अडचण पैशांची आहे. 1984 मध्ये सुरू झालेला आणि 90 हून अधिक देशांत पोचलेला लोकसंख्या व आरोग्य सर्वेक्षणांचा कार्यक्रम 2025 च्या सुरुवातीला अमेरिकी सरकारने निधी थांबवल्यामुळे खंडित झाला. शाळेतील हजेरीची गरीब देशांतली पुष्कळशी माहिती याच पाहण्यांतून येत असे. वाचनाचा परिच्छेद घेऊन दारात जाणारा माणूस पुढची गोष्ट आहे. सध्या मूल शाळेत जाते का, एवढे विचारायला जाणाराही कमी होतो आहे, आणि तो गेला नाही तर मंत्रालयातला पट तेवढा हाती उरतो.